डिअरच्या पुढची जागा

सोलापूर,
ता. १७ जानेवारी १९३३

राजमान्य राजश्री ———— यांचे सेवेशी,

चरणी मस्तक ठेवून साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. येथील सर्व मंडळी सुखरूप आहेत. आपली खुशाली कळवीत असावे.

वरचा मायना मामंजींनी सांगितला तसा लिहिला आहे. नावाची जागा मोकळी सोडली आहे, ती ते स्वतःच्या हातानं भरतील. पत्र पुरं झालं की एकदा वाचूनही बघतील, म्हणून अक्षर नीट काढते आहे. एरवी माझं अक्षर कसं पळतं ते आपल्याला ठाऊक आहेच.

आपलं पत्र शनिवारी पोचलं. मामंजींनी नेहमीसारखं ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं. केमच्या स्टेशनात क्वार्टर मिळालं हे ऐकून सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. 'तिनं इकडे बिऱ्हाडाला यावं की अजून तिथंच राहावं, हे तिचं तिनं ठरवावं आणि तिनंच मला कळवावं' हे वाक्य मामंजींनी पुन्हा एकदा वाचलं. सासूबाई म्हणाल्या, "हे काय नवीन? बायकोला विचारून कुणी बिऱ्हाड थाटतं होय?" पण रागावल्या नव्हत्या. मामंजी मला म्हणाले, "विचारलंय त्यानं, तर उत्तर द्या सूनबाई." मी बरं म्हटलं. तर उत्तर देणारच आहे. आधी बाकीची हकिकत लिहिते, नाहीतर राहून जाईल.

गड्ड्याची जत्रा यंदा जोरात आहे. भोगीच्या दिवशी सासूबाईंबरोबर मी सिद्धेश्वराच्या अक्षता टाकायला गेले होते. गर्दी इतकी, की आम्ही टाकलेल्या अक्षता पुढच्या बाईच्या अंबाड्यातच अडकल्या. कुंभाराच्या मुलीला योग्याशीच लग्न करायचं होतं, आणि योगी तर संसार करायचा नाही, म्हणून तिनं त्याच्या दंडाशी लग्न लावलं, ही गोष्ट सासूबाईंनी येताना मला परत सांगितली. मी म्हटलं, "काठीशी कसला हो संसार?" तर म्हणाल्या, "काठी निदान घरात उभी तरी असते." हे त्या कुणाला उद्देशून म्हणाल्या ते मला ठाऊक नाही. लिही म्हणाल्या म्हणून लिहिलं.

इंग्रजी चालू आहे. दिवाळीला आपण टांग्यात बसता बसता सांगून गेलात, की पंचाक्षरी मास्तरांकडे शीक आणि एक पत्र मला इंग्रजीत लिही. मास्तर पेन्शनीत निघून इतकी वर्षं झाली, पण शिकवायला बसले की आपल्या पुढल्या खोलीतले भाडेकरू न राहता थेट शाळेतलेच होतात. ते ओसरीवरच्या बाकावर, मी उंबऱ्याच्या आत, आणि मधे सासूबाई वाती वळत. सासूबाई शिकत नाहीत, नुसत्या बसतात. पण परवा मी अडले तेव्हा 'कॅट' त्यांनीच सांगितलं.

कंबर तलावात ती मोठी गुलाबी फुलं येतात ना, त्यांचं नाव मला या घरात आल्यापासून घेता आलेलं नाही, कारण त्यात आपलं नाव येतं. आजवर मी त्यांना 'तळ्यातली फुलं' म्हणत आले. फुलवाल्याला कळायचं नाही. मास्तरांनी त्यांचं इंग्रजी नाव सांगितलं, लोटस. आता मी ते मोठ्यानं म्हणू शकते. त्या दिवशी स्वयंपाक करताना मी ते उगीचच किती वेळा म्हटलं असेल. भाकरी थापताना डोळ्यांपुढं सगळा तलाव यायचा, वर धुकं, आणि सासूबाई विचारत होत्या, पोरी, काय पुटपुटतेस, कुणाला शिव्या देतेस?

या आठवड्यात पत्र लिहायला सुरुवात केली. मास्तर म्हणाले, "हे बघा ताई, इंग्रजी पत्रात पहिला शब्द असतोय, डिअर." मी अर्थ विचारला. म्हणाले, प्रिय. मी पाटी खाली ठेवली. सासूबाई वातीवरून नजर न काढता म्हणाल्या, "सोप्पं काहीतरी शिकवा की मास्तर."

मास्तर हसले. म्हणाले, "भिऊ नका ओ. त्या लोकांत हे सगळ्यांनाच लिहितेत. ओळखीच्याला लिहितेत, बिनओळखीच्याला लिहितेत. साहेबाला लिहितेत." मग आत जाऊन त्यांनी एक जुना कागद आणला. कुठल्याशा कचेरीनं त्यांचा अर्ज फेटाळला होता त्याचं पत्र. त्यातही वर 'डिअर सर' होतं. "बघा, हाकलून देतानाबी डिअर." सासूबाईंनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "म्हणजे आपलं 'बाबा रे' म्हणतात तसंच झालं." मास्तरांना हे पटलं. चाळीस वर्षं शिकवलं पण असा अर्थ सुचला नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मल्लव्वा दूध घेऊन आली तर सासूबाई तिला म्हणतात, "डिअर मल्लव्वा, आज पाणी किती घातलंस?" मल्लव्वा घाबरली. "डिअर म्हंजे काय ओ आईसाब? म्या काय केलं न्हाय. म्हसच लई पाणी पेतीया." त्या दिवसापासून दूध जरा बरं येतं.

तर मी पाटीवर तो शब्द लिहिला, आणि पुढं? मास्तर म्हणाले, पुढं नाव. नाव घेतल्याशिवाय हा शब्द उभा राहत नाही, मोकळा ठेवला तर पत्र कुणाचंच होत नाही. माझी पेन्सिल तिथंच थांबली. बराच वेळ विचार करून मी लिहिलं, 'डिअर अहो'. मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. लिही, माझ्या पोराला हसू येईल, असं सासूबाई म्हणतात, म्हणून हेही लिहिते.

मग मी विचारलं, असं एखादं पत्र आहे का ज्यात हा शब्द घालत नाहीत? मास्तर म्हणाले, "तारेत न्हाई घालत." एवढं म्हणून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि धडा तिथंच बंद केला. सासूबाईही उठल्या.

माळ्यावरचा पाळणा शेजारच्या नागम्माला दिला. तिला मुलगी झाली. उगीच धूळ खात पडला होता.

कागद संपत आला. क्वार्टरचं मी विचार करून कळवते. थंडी फार आहे, ड्यूटीवर कान बांधत जावे. केमचं कुंकू आणखी पाठवू नये, अजून दोन डबे भरलेले आहेत.

कळावे, लोभ असावा.

सौ. विजयमाला

ता. क. — सासूबाई सांगतात, 'विचार करून' खोडून 'लवकरच' असं लिही. मी खोडलेलं नाही, कारण खाडाखोड मामंजींना चालत नाही.




सोलापूर,
ता. ८ फेब्रुवारी १९३३

डिअर कमलाकर,

लिहिलं. बघा, लिहिलं, आणि आढं काही डोक्यावर कोसळलं नाही. देवघरातली समई शांत आहे. बाहेर नागम्माच्या घरात माग चाललाय, खटक् खटक्, तोसुद्धा थांबला नाही. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. मी ते आधी पाटीवर इंग्रजीत काढलं, हातानं झाकलं, मग हात काढला आणि खूप वेळ बघत बसले. एकट्यानं लिहायचा धीर झाला नसता. पण मोठ्या जावेच्या पाठोपाठ सासरी शिरताना भीती जरा कमी वाटते ना, तसं झालं. डिअर पुढं गेलं आणि त्याच्या मागून नाव आलं.

हे पत्र मराठीत आहे म्हणून रागावू नका. इंग्रजीत लिही असं तुम्ही का म्हणालात ते मला त्याच दिवशी टांग्याशी कळलं होतं. या घरात ते कुणाला वाचता येत नाही. पण माझं इंग्रजी अजून मांजराच्या पुढं गेलेलं नाही, आणि मला लिहायचंय ते मांजरावर भागणारं नाही. आज घर रिकामं आहे. मामंजी आणि सासूबाई काल लग्नाला बार्शीला गेले. माझ्या सोबतीला मास्तरांच्या घरच्या आहेत, त्या पुढल्या खोलीत झोपल्यात. हे पत्र टपालात टाकत नाही. तिप्पण्णा गार्ड उद्याच्या पॅसेंजरवर आहे, त्याच्या हाती डब्याबरोबर देते. लाडवांखाली ठेवलंय. लाडू आधी संपवू नका, आधी वाचा.

तुम्ही विचारलंत, येतेस का. मी महिना होत आला उत्तर दिलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, हिला सोलापूर सोडवत नाही, की सासूबाई सोडत नाहीत. तसं काही नाही. सासूबाईंनी तर माझी ट्रंक झाडूनसुद्धा ठेवलीय. मलाच येववत नव्हतं. माझ्या मनात होतं, की त्या दोन खोल्यांत आपण दोघंच असणार, आणि तुम्ही समोर जेवायला बसणार, आणि त्याच्याबद्दल काही बोलणार नाही. इथं निदान माणसं आहेत, न बोलणं सगळ्यांत वाटलं जातं. तिथं ते सगळं माझ्या एकटीच्या वाट्याला आलं असतं.

त्याच्याबद्दल म्हणजे कुणाबद्दल ते तुम्हाला कळलं. आपल्या बाळाबद्दल. गेल्या श्रावणातल्या.

तुम्ही बारशाला यायचे होतात. रजा त्याच दिवसाची मिळाली होती. आणि बारशाच्या आदल्या दिवशी ते झालं. तुम्ही आलात तेव्हा ओसरीवर कुणी बोलत नव्हतं. मी आत बाळंतिणीच्या खोलीत होते. बाळ नसलं तरी खोली बाळंतिणीचीच. विटाळ फिटल्याशिवाय पुरुषानं आत यायचं नाही, हे काही तुम्ही केलेलं नाही आणि मीही नाही. दाराला ते जाड पोतं लावलं होतं, वारा लागू नये म्हणून. त्याच्या खालून मला तुमचे पाय दिसले. मोजे तसेच होते, एका पायाचा अंगठा बाहेर आलेला. तुम्ही तिथं उभे होतात. किती वेळ उभे होतात. मी बाजेवरून त्या अंगठ्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, आता हाक मारतील. तुम्ही काय म्हणून हाक मारणार होतात? तुम्हीही माझं नाव घेत नाही. आणि मी काय म्हणून मारणार? सासूबाई कोपऱ्यात बसलेल्या, त्यांच्यासमोर 'अहो'सुद्धा तोंडातून फुटेना. मला तुम्हाला हाक मारायला एक शब्द हवा होता, आणि माझ्याकडे नव्हता. मग पाय वळले. संध्याकाळच्या गाडीनं तुम्ही परत गेलात.

तेव्हापासून माझ्या मनात एक अढी बसली. खोटं कशाला सांगू. मला वाटलं, ज्याचं तोंडच पाहिलं नाही त्याचं यांना काय दुःख? अकरा दिवसांचं लेकरू, बापाला ते नुसतं कानावर आलेलं. दिवाळीला आलात तर हसून बोललात, पणत्या लावल्यात, इंग्रजी शीक म्हणालात. मी म्हटलं, संपलं यांचं.

काल तिप्पण्णा रिकामा डबा द्यायला आला. घरात कुणी नव्हतं म्हणून मीच पायरीवर पाणी दिलं. सहज विचारलं, क्वार्टर कसं आहे? म्हणाला, "झ्याक हाय की वैनी. चुना लावलाय. छपराला पाळन्याची जुनी कडी हाय, गँगमन काढाया आलता, तर सायब म्हनले, ऱ्हाऊ दे. इचारून सांगतो."

मी म्हटलं, "कुणाला विचारून?"

त्यानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "वैनी, रागावू नगासा. तुमास्नी ठावं हाय का, ती तार त्येंनीच घेतली ते?"

मला ठाऊक नव्हतं. तार गेली एवढं मला माहीत होतं. मास्तरांनी ती इंग्रजीत लिहून दिली आणि मामंजींनी स्टेशनात नेऊन टाकली. पण केमच्या स्टेशनात ती घेणारा कोण, हे माझ्या कधी मनातच आलं नाही. मला वाटायचं, तार म्हणजे कागद, कुणीतरी आणून देतं.

तिप्पण्णा सांगत होता, "म्या तवा मालगाडी घिऊन तितंच केमला हुबा हुतो. सायब यंत्रावर बसले हुते. यंत्र कडकड वाजाय लागलं, त्ये लिवत गेले. लिवून झालं, भाईर आले, हिरवा बावटा दावला, माझी गाडी काडून दिली. गाडी हालली तवा म्हनले, तिप्पण्णा, माझी तार आली. येवडंच. आन् ड्यूटी सपस्तवर उठले न्हाईत."

तो गेला. मी पायरीवरच बसून राहिले. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं तरी मी तिथंच. समोर विणकरांच्या आळीत रंगवलेलं सूत वाळत घातलं होतं, लांबच लांब, लाल आणि पिवळं, आणि वाऱ्यानं ते सगळं मिळून हळूहळू हलत होतं. मला ते सूत न दिसता तुमच्या तारा दिसायला लागल्या. सोलापूरहून निघून मोहोळ, माढा, कुर्डुवाडी करत रुळाच्या कडेनं जाणाऱ्या. त्यांवर चिमण्या बसलेल्या, आणि त्यांच्या पायांखालून आपलं बाळ चाललंय. एकेक अक्षर. तुमच्या यंत्रात सगळं वाक्य एकदम येत नाही ना? एक अक्षर, मग दुसरं. कुठल्या अक्षराला तुम्हाला कळलं हो? आणि कळल्यावरही पुढली अक्षरं लिहून घेतलीत?

संध्याकाळी मास्तर फिरून आले तेव्हा मी त्यांना विचारलं, तारेत काय शब्द होते? ते नको नको म्हणाले, मग सांगितले. चाइल्ड एक्स्पायर्ड, आणि तारीख. बस. मी म्हटलं, वर काही नाही? खाली काही नाही? म्हणाले, "तारेत मायना नसतोय ताई. मीच लिहिली. रीत म्हणून लिहिली. पण त्या दिवशी डिअर कमलाकर असं घालायला पायजे होतं. कुणी हसलं असतं तर हसलं असतं." आणि म्हातारा माणूस, माझ्यासमोर उपरणं तोंडाला लावून बसला. या घरात त्या बाळासाठी माझ्यासमोर रडलेलं पहिलं माणूस ते.

म्हणून आता मी तुम्हाला सांगते. तुम्ही विचारलं नाहीत, आणि मी विचारण्याची वाट बघत बसले. आता नाही बसत. कागद खाली ठेवावासा वाटला तर ठेवा, पण परत उचला.

तो सावळा होता. जन्मला तेव्हा केस इतके, की सुईणबाई म्हणाली, याचं जावळ नव्हे, शेंडीच काढा. उजव्या कानाची पाळी तुमच्यासारखी गालाला चिकटलेली. डाव्या कानाची माझ्यासारखी सुटी. सासूबाई म्हणायच्या, दोघांनाही नाराज केलं नाही पोरानं. झोपला की एक मूठ उघडी आणि एक मिटलेली. उघड्या मुठीत बोट दिलं की धरून ठेवायचा. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की दोन्ही हात वर फेकायचा, आता पडतोय की काय अशा भीतीनं, आणि मग काहीच होत नाही हे कळलं की असा सुस्कारा सोडायचा, म्हाताऱ्या माणसासारखा. शिंका फार द्यायचा. एका शिंकेनंतर हसला. सासूबाई म्हणाल्या, ते हसणं नव्हे, पोटात वायू झाला की तसं तोंड होतं. मी ऐकून घेतलं. पण तो हसला होता.

शेवटच्या दिवशी दूध ओढेना. अंग तापलेलं. डॉक्टर आले होते, सगळं केलं, त्यात कुणाची काही कसूर नाही. दुपारी माझ्या मांडीवरच होता. भोंगा झाला आणि त्यानं हात फेकले नाहीत, तेव्हा मला समजलं.

एवढं आहे. अकरा दिवसांत आणखी किती असणार? तरी लिहिताना वाटलं, खूप आहे. तुम्हाला पुरेल एवढं आहे.

आता त्या पाळण्याचं. नागम्माला तो दिला म्हणून गेल्या पत्रात मी लिहिलं, ते तुम्हाला टोचावं म्हणूनच लिहिलं होतं. पण झालं ते बरंच झालं. तिनं तो मागाशेजारीच टांगलाय. एक दोरी तिच्या पायाच्या अंगठ्याला बांधते, आणि धोटा इकडून तिकडं गेला की पाळणाही जातो. तिची पोर त्या आवाजाशिवाय झोपतच नाही. मी परवा तिथं बसले होते. मागाचा तो ठेका, सुताचा ओलसर वास, कौलांतून आलेलं ऊन पोरीच्या तोंडावर हलतंय. मला पेंग आली. अर्धवट झोपेत असं वाटलं, की माझाही तिथंच आहे, आतल्या बाजूला, पोरीला जागा देऊन कडेला सरकलेला.

नागम्माचं मराठी तुम्हाला माहीत आहे. ती धोटा फेकता फेकता म्हणाली, "अक्का, तुमच्या बाळाचा नाव काय होता?"

मला कुणी हे विचारलंच नव्हतं. नाव आत्यानं ठेवायचं असतं. रुक्मिणीवन्संनी ठरवून आणलंही असेल काहीतरी, त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बारसंच झालं नाही तर नाव कुठलं? घरात कधी विषय निघालाच तर सगळे 'ते' म्हणतात. 'ते झालं तेव्हा.' मास्तरांनी सांगितलं ना, की नावाशिवाय तो शब्द उभा राहत नाही? त्या दिवशी पाटीवर डिअर लिहून माझी पेन्सिल थांबली तेव्हा सगळ्यांना वाटलं, नवऱ्याचं नाव घ्यायला लाजतेय. मी तुमचा विचार करतच नव्हते. त्या मोकळ्या जागेत मला तोच दिसत होता, आणि त्याला काय म्हणावं ते मला ठाऊक नव्हतं.

पण नागम्मानं विचारलं आणि माझ्या तोंडातून नाव आलं. विचार न करता. मी मनातल्या मनात पहिल्या दिवसापासून त्याला त्याच नावानं हाक मारत होते, हे मलाच तेव्हा कळलं. नागम्मा म्हणाली, "चांगला नाव हाय," आणि दोरा तुटला होता तो सांधायला लागली. ती तशी म्हणाली म्हणून बरं वाटलं. हाय म्हणाली ती.

आता तुमचं उत्तर.

मी येते. पण तिप्पण्णाबरोबर येणार नाही, आणि तिकीट पाठवलंत तरी येणार नाही. तुम्ही स्वतः मला न्यायला या. रजा नाही म्हणाल, तर मिळेपर्यंत मी थांबेन. आलात की ओसरीवर बसू नका. पाय धुवा आणि सरळ आतल्या खोलीत या. आता तिथं पोतं नाही आणि विटाळही नाही, नुसती खोली आहे. सासूबाई काही म्हणाल्या तर म्हणू द्या. मला वाटतं, त्या काही म्हणणार नाहीत, उलट पाठ करून रडतील. बाज अजून तिथंच आहे. तुम्ही बाजेवर बसा, मी खाली बसते, आणि तुमच्या मनात येईल ते मला विचारा. काहीच मनात आलं नाही तर नुसते बसा. पण तिथं बसल्याशिवाय मला केमला नेऊ नका. नेलंत तर मी तुमच्यासाठी भाकरी थापीन, स्टेशनात डबा पाठवीन, सगळं करीन, आणि तुमच्याकडे कधीच पोचणार नाही.

क्वार्टरमधली कडी काढू नका. गँगमनला सांगा, विचारलं, नको म्हणाली.

आणि माझं नाव घ्या. गाडीत घ्या, रुळांच्या आवाजात कुणाला ऐकू जायचं नाही. मला ऐकू येईल.

पत्राच्या शेवटी सही काय करावी, हे मास्तरांनी अजून शिकवलेलं नाही. इंग्रजीतही रीत असेलच काहीतरी. पण तुमच्या घरची सून म्हणून किंवा सौ. म्हणून इथं सही करावी, असं आज वाटत नाही. रुक्मिणीवन्संची मी माफी मागेन. त्याच्या कानात नाव सांगायचा मान त्यांचा होता. तो आता ऐकायला नाही, म्हणून मी त्याच्या बापाच्या कानात सांगते.

वाट बघते आहे.

तुमची,
सिद्धरामची आई